रिकामं जातं फिरवत नाहीत

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘विद्यापीठांतले कलामहोत्सव : संवादी कला आणि लोकसहभाग’. वाचूनच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. ‘इंटरॅक्टिव’ला आपण आता ‘संवादी’ म्हणायला लागलोय. शब्द चांगला आहे. पण संवाद म्हटला की समोरच्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर आपल्याला ऐकावं लागलं पाहिजे, मग ते आवडो न आवडो. आज मी जे काही बोलेन ते या एवढ्याशा गोष्टीभोवती फिरेल. मध्येच भरकटले तर हात वर करा.

सुरुवात एका भिंतीपासून करते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या कलामहोत्सवात मी परीक्षक होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. असे महोत्सव आता इतक्या ठिकाणी होतात की नाव घेतलं काय आणि न घेतलं काय. मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात दहा-बारा फुटांचा एक कोरा, पांढरा फ्लेक्स लावला होता. शेजारी टेबलावर चिकट चिठ्ठ्यांचे रंगीत गठ्ठे आणि स्केचपेनं. वर लिहिलेलं, ‘मनातलं लिहा’. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भिंत भरली. लांबून छानच दिसत होती. गुलाबी, पिवळी, पोपटी, वाऱ्यावर फडफडणारी. मी जवळ जाऊन वाचायला लागले. कुणाला पॅरिस बघायचं होतं, कुणाला फक्त पास व्हायचं होतं, कुणाचं कुणावर तरी प्रेम होतं आणि त्याखाली तिसऱ्याच कुणीतरी हसरं तोंड काढलं होतं. त्यात एक चिठ्ठी बॉलपेननं लिहिलेली, बारीक अक्षरात. मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर सकाळी सातनंतर पाणी येत नाही, तीन अर्ज दिले, कुणी बघितलं नाही. खाली खोलीचा नंबर. सही नव्हती, पण खोलीचा नंबर टाकलाय म्हणजे सहीच की.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी जागेवर नव्हती. वाऱ्यानं उडाली असेल म्हणून मी सोडून देणार होते, पण तिच्या आजूबाजूच्या सगळ्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे होत्या. तिथल्या व्हॉलंटिअर मुलाला विचारलं. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘मॅडम, काल संध्याकाळी पाहुणे येणार होते ना, तर वरून सांगितलं, जरा बघून घ्या.’

(हशा)

हसताय, पण ‘जरा बघून घ्या’ हे आपल्याकडच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतलं फार मोठं वाक्य आहे. ते कधीच कुणी कागदावर लिहीत नाही. तिसऱ्या रात्री समारोप झाल्यावर मी गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा उरलेल्या चिठ्ठ्याही काळ्या पिशव्यांत भरल्या जात होत्या. त्या कुणी वाचल्या का, कोण जाणे. मोजल्या मात्र होत्या. समारोपाच्या भाषणात आकडा सांगितला आणि टाळ्या झाल्या.

या भिंतीचं मूळ कुठलं तेही सांगते, म्हणजे मुलांवर अन्याय नको. कँडी चँग नावाच्या कलावती बाईंनी २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये, त्या राहत होत्या त्याच वस्तीतल्या एका पडीक घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला. मरण्याआधी मला अमुक करायचंय, असं अर्धं वाक्य त्यावर ओळीनं छापलं आणि खडू ठेवले. त्यांचं फार जवळचं माणूस गेलं होतं, त्यातून हे सुचलं. पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. मूळ भिंत होती रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर. ज्यानं लिहिलं तो दुसऱ्या दिवशी कामावर जाताना शेजाऱ्यानं काय लिहिलंय ते वाचत जाऊ शकत होता. तुम्ही मरणाबद्दल लिहिणार, आणि समोरच्या घरातली बाई ते वाचणार, तुम्हाला तोंड दाखवणार. आपण आणली ती नुसती भिंत. तो रस्ता, ते शेजारी, ते मरण तिकडेच राहिलं. मग चिठ्ठ्यांचा रंग तेवढा उरतो, फोटोला बरा.

आता परीक्षकाचा कागद. त्यात एक रकाना होता, ‘प्रेक्षकांचा सहभाग – २० गुण’. मी विचारलं, सहभाग मोजायचा कसा? संयोजक म्हणाले, किती लोक आले, कितींनी प्रत्यक्ष केलं, त्यावरून अंदाजे. मी भिंतीला सहा दिले. बाकी दोघा परीक्षकांनी अठरा-अठरा. आमच्यात थोडी वादावादी झाली. ते म्हणाले, ‘बाई, मुलांचा उत्साह बघा ना.’ उत्साह होताच. पण उत्साहाचे गुण वेगळे द्या, सहभागाचे वेगळे. ज्या भिंतीवर एक चिठ्ठी खरोखर काही मागत होती आणि तीच काढली गेली, तिथे बाकीच्यांनी नुसती सजावट केली असं मला म्हणावं लागेल. मुलांनी केली नाही, त्यांच्याकडून करून घेतली गेली.

त्याच महोत्सवातली दुसरी गोष्ट सांगते, कारण मी नुसती तक्रार घेऊन आलेले नाही. एका वर्गखोलीत अंधार करून मुलांनी प्रोजेक्टर आणि कॅमेरा लावला होता. तुम्ही आत गेलात की समोरच्या भिंतीवर तुमची सावली दिसायची, आणि हात हलवला की त्या सावलीतून शेकडो पक्षी भुर्रकन उडायचे. छान होतं, पण असं आपण मॉलमध्येही पाहिलंय. लोक यायचे, हात हलवायचे, एक व्हिडिओ काढायचे आणि बाहेर. एका माणसाला साधारण चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून बघितलं, परीक्षकाला दुसरं काम काय!

संध्याकाळी कँटीन चालवणाऱ्या बाईंची दोन मुलं शाळा सुटल्यावर तिथे आली. ती दिवसाला पाच-सहा वेळा येत होती, कारण त्यांना कुणी हटकत नव्हतं. त्यांनी एक शोध लावला. अजिबात न हलता उभं राहिलं तर सावली हळूहळू विरत जाते आणि शेवटी आपण भिंतीवरून नाहीसे होतो! हे कसं होतं ते मला नंतर त्या चमूतल्या मुलीनं समजावलं. कॅमेरा आधी रिकाम्या खोलीचं चित्र लक्षात ठेवतो आणि त्यात जे बदलतं त्याला माणूस समजतो. पण खोलीतला उजेड कमीजास्त होत असतो, म्हणून लक्षात ठेवलेलं चित्रही त्याला सतत ताजं करत राहावं लागतं. मग तुम्ही मिनिटभर स्तब्ध राहिलात की यंत्र तुम्हालाही भिंतच समजायला लागतं. तांत्रिक भाषेत हा दोष. या पोरांनी त्याचा खेळ केला, स्टॅच्यूसारखा. आधी कोण नाहीसं होतं? जो हलला त्याचे पक्षी उडाले, तो आउट.

चमूतली मुलं पहिल्यांदा वैतागली. ‘अरे, हे असं नाही करायचं, हात हलवायचे’ असं एकानं सांगूनही बघितलं. पण ती मुलगी दाराशी उभी राहून बराच वेळ बघत होती. रात्री बसून त्यांनी प्रोग्रॅम बदलला. दोष दुरुस्त करायच्या ऐवजी त्यांनी तो वाढवला, विरण्याचा वेळ लांबवला, आणि जमिनीवर दोन सतरंज्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत लोक पाच-पाच, सात-सात मिनिटं गप्प बसलेले मी पाहिले. नाहीसे व्हायला. एक प्राध्यापक बाहेर आले आणि म्हणाले, ‘वर्षात पहिल्यांदा मला कुणी हुडकत नव्हतं.’ अर्थात गर्दी घटली. दिवसभरात पहिल्या दिवसाच्या निम्मीही माणसं झाली नसतील. सहभागाच्या रकान्यात बाकीच्यांनी दिले नऊ. मी वीस दिले. माझ्या मते त्या तीन दिवसांतली ती एकमेव कलाकृती होती जी पाहणाऱ्यानं बदलली आणि करणाऱ्यानं तो बदल मान्य केला. आणि बदलणारी होती कोण, तर ज्यांच्या गळ्यात ना पास ना आयडी अशी दोन पोरं.

आता मी थोडी मागे जाते, बडोद्याला. का जाते ते कळेल.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं घर, घरात मराठी, ओट्यावरून खाली उतरलं की गुजराती. बडोद्यात कलाशिक्षण जुनं. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात आपले दादासाहेब फाळके शिकून गेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं १९४९ मध्ये आणि पुढच्याच वर्षी तिथे ललितकलेची वेगळी शाखा निघाली. लोक तिला ‘फाइन आर्ट्स’ एवढंच म्हणतात. चित्रकला विभागाचे प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे, आपले इंदूरचे. शंखो चौधरी शिल्पकलेला. आणि के. जी. सुब्रमण्यन, ज्यांना सगळे मणिदा म्हणत. मणिदा १९५९ ते १९६१ मुंबईत हातमाग मंडळाच्या कामावर होते, विणकरांबरोबर. ते परतले आणि त्याच वर्षी, १९६१ मध्ये, फाइन आर्ट्सचा मेळा सुरू झाला.

मेळा म्हणजे काय? तर शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून वस्तू करणार आणि शहराला बोलावून विकणार. लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी, मातीची भांडी, छापलेली कार्डं, पपेटचे खेळ. मणिदांसारखा चित्रकार खेळणी करत बसायचा आणि ती कामातून फुरसत म्हणून करत नव्हता. चित्र आणि खेळणं यात वरची-खालची पायरी आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. नंदबाबूंनी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेससाठी रस्त्यावरच्या माणसाला दिसावीत अशी शेकडो पोस्टर्स करून घेतली होती, तीही गुजरातेतच. तो धागा इथे आला. मेळ्याचे फोटो ज्योती भट्ट यांनी काढून ठेवलेत. कधी बघायला मिळाले तर खेळण्यांपेक्षा मागची गर्दी बघा. साड्या, शाळकरी पोरं, कडेवरची मुलं.

मी त्या गर्दीत होते. सात-आठ वर्षांची असेन. नानांनी मला एक लाकडी घोडा घेऊन दिला. ठोकळ्यांचा, मधून दोरी ओवलेला, मान-पाय वळणारा. विकणारा विद्यार्थी दाढीवाला होता. पैसे घेतल्यावर त्यानं घोडा परत हातात घेतला, दोरीची गाठ सोडली, सगळे ठोकळे टेबलावर सांडले आणि मला म्हणाला, ‘तूटी जाय तो आम बांधवानुं.’ तुटलं तर असं बांधायचं. आणि माझ्याकडून एकदा बांधून घेतला. मागे रांग खोळंबली होती. नाना म्हणाले, ‘अहो, राहू द्या.’ त्यानं काही राहू दिलं नाही. घोडा तिसऱ्या दिवशी तुटला. मी बांधला तो चुकीचा. पुढचे पाय मागे आणि मान पोटाला. कित्येक महिने तो आमच्या घरात ‘गाढवासारखं काहीतरी’ म्हणून नांदला.

ही गोष्ट मी भावुक होऊन सांगत नाहीये. (थोडीशी होतेय, असू दे.) मला यातलं तंत्र महत्त्वाचं वाटतं. त्या विद्यार्थ्यानं ती वस्तू अशी बनवली होती की ती तुटणार हे गृहीत होतं आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्यानं एका पोरीच्या हातात दिला. चुकीची बांधण्याचा अधिकारही. आज आपण ज्याला ‘पार्टिसिपेटरी’ म्हणतो त्यातलं कुठलं काम प्रेक्षकाला चुकू देतं? ती पक्ष्यांची खोली, पोरांमुळे. बाकीची आठवून बघा.

त्याला मेळा म्हणायचे, ‘फेस्ट’ नाही, हेही लक्षात घ्या. शांतिनिकेतनात कलाभवनाचा नंदन मेळा १९७३ मध्ये सुरू झाला, डिसेंबरच्या १ आणि २ तारखेला भरतो. ३ तारीख नंदबाबूंचा जन्मदिवस. विद्यार्थी आणि शिक्षक वस्तू करून विकतात आणि पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. आजारपण, अडचण, त्यासाठी. म्हणजे तुम्ही तिथे एक कॅलेंडर घेतलंत तर कुणाच्या तरी औषधाला हातभार लावलात. माझा एक सहकारी म्हणतो की विक्री आली की कला बाजारू होते. मला उलट अनुभव आहे. त्या मेळ्यांत पैसे कोण देतं आणि कशाला देतं ते उघड दिसतं. फुकटच्या महोत्सवात स्वागतकमानीवर बँकेचं नाव असतं आणि तुम्ही कुठे उभं राहून फोटो काढायचा ते आधी ठरलेलं असतं.

चला, परत आपल्या महोत्सवात. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवळीवर ‘लोकसंस्कृतीशी संवाद’ असा कार्यक्रम होता. जवळच्या गावातून सहा बायकांना बोलावलं होतं जात्यावरच्या ओव्या म्हणायला. मांडव, गालिचा, मधोमध जातं, शेंदूर-हळद लावलेलं, भोवती झेंडूची फुलं. मुली नऊवारी नेसलेल्या. दोन कॅमेरे. बायका आल्या, बसल्या. निवेदिकेनं चार वाक्यं म्हटली, आणि सगळे थांबले. ओवी काही सुरू होईना. त्यातल्या वयस्कर मावशींनी जात्याच्या तोंडात बोट घातलं, बघितलं आणि विचारलं, ‘दाणे कुठंयत?’

निवेदिका म्हणाली, ‘मावशी, तुम्ही फक्त म्हणा, जातं नुसतं फिरवा.’ मावशी म्हणाल्या, ‘रिकामं जातं फिरवत नाहीत, बाय.’ समजावण्याचा प्रयत्न झाला. हे प्रतीकात्मक आहे वगैरे. मावशींनी मांडीवरचा हात काही हलवला नाही. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दगडावर दगड घासला की टाकी झिजते आणि पहिल्या पिठात कच येते, आणि घरात अशुभ मानतात ते वेगळंच. शिवाय ओवीचा ठेका दाण्याच्या ओझ्यावर असतो. मूठभर दाणे पडले की खुंटा जड होतो, पिठाचा आवाज बदलतो, आणि त्यावर ओळ तुटते किंवा पुढे जाते. रिकाम्या जात्यावर ओवी म्हणणं म्हणजे बंद पंपावर पाणी भरणं.

शेवटी एक मुलगा मेसकडे पळाला. पंधरा मिनिटं गेली. कॅमेरेवाले कंटाळून चहाला गेले. मेसच्या आचाऱ्यानं विचारलं असणार कशाला हवी, कारण तो स्वतःच दोन-अडीच किलो ज्वारी घेऊन आला आणि खालीच बसला. मग जे दळण सुरू झालं! मी अशी ओवी लहानपणी आजीकडे ऐकली होती, त्यानंतर तेव्हाच. मावशी मधूनच थांबायच्या आणि एखाद्या मुलीला खुंट्याला धरायला लावायच्या. ‘जोर नको लावू, तिच्याबरोबर जा.’ एक मुलगी रडायला लागली, का ते तिलाही सांगता आलं नाही. कार्यक्रम चाळीस मिनिटांचा होता, तो दीड तास चालला आणि पुढचं फ्यूजन बँड उशिरा लागलं, त्यावरून संयोजकांची चिडचिड झाली.

पण खरी गंमत पुढे. दळण झालं, पीठ परातीत. आता हे पीठ कुणाचं? संयोजकांना वाटलं बायका नेतील. बायका म्हणाल्या, ज्वारी तुमची, आम्ही कशी न्यायची? आचारी म्हणाला, मी हिशेबात काय लिहू? बराच वेळ या पिठावर चर्चा चालली, आणि मला वाटतं तीन दिवसांतली सगळ्यात गंभीर सौंदर्यशास्त्रीय चर्चा तीच होती. शेवटी आचाऱ्यानं तोडगा काढला. संध्याकाळी मेसमध्ये त्या पिठाच्या भाकरी झाल्या आणि बायकांना जेवूनच पाठवलं. मावशींनी भाकरी बघून आचाऱ्याला सांगितलं, ‘पीठ बारीक झालंय, पण तुझा हात जड आहे.’

(हशा)

इथे मला न्यूयॉर्कची एक गोष्ट आठवली. १९९२ मध्ये रिक्रित तिरवनिज या थाई कलाकारानं तिथल्या ३०३ गॅलरीत ऑफिसातलं सामान बाहेरच्या दालनात आणून ठेवलं आणि रिकाम्या जागेत भात आणि भाजीची थाई करी शिजवून आल्यागेल्याला फुकट वाढली. तीच कलाकृती. पुढे १९९८ मध्ये निकोला बूरियो या फ्रेंच समीक्षकानं अशा कामांवर पुस्तक लिहिलं: माणसामाणसांतले संबंध हीच आता कलेची सामग्री आहे, असं. त्यावर क्लेअर बिशप या ब्रिटिश बाईंनी २००४ मध्ये लेख लिहून चांगलीच हजेरी घेतली. त्यांचा मुद्दा साधा होता: संबंध जोडले म्हणता, पण कुणाचे कुणाशी? गॅलरीत करी खायला येणार गॅलरीत येणारेच. एकमेकांना आधीच ओळखणारे, एकाच वर्तुळातले. तिथे खटका उडत नाही, म्हणून सगळं छान वाटतं.

मला बिशपबाईंचं पटतं. मावशींनी ‘दाणे कुठंयत’ विचारलं तो खटका होता. तो उडाला म्हणून दळण झालं. आणि तो उडू शकला याचं श्रेय संयोजकांना नाही. त्यांनी तर जातं सजवून, रिकामं ठेवून, तो उडणारच नाही याची व्यवस्था केली होती. समीक्षक म्हणून मला हे स्पष्ट म्हणायचंय की महोत्सवाच्या पुस्तिकेत या कार्यक्रमाचा जो फोटो छापलाय, झेंडूची फुलं आणि मुलींची नथ, तो त्या दीड तासाचा नाही. तो आधीचा आहे, दाणे यायच्या आधीचा.

आता फाटकाबद्दल. गावातल्या बायका आल्या त्या गाडीनं, पत्रिका दाखवून. त्यांच्याबरोबर आलेली सून आणि तिचं पोर फाटकावरच थांबले होते, कारण यादीत नाव नव्हतं. सिक्युरिटीवाला तरी काय करणार, त्याच्या हातात क्यूआर कोडचं यंत्र. ‘कम्युनिटी’ हा शब्द मांडवावर चारदा लिहिलेला, आणि ती फाटकाबाहेर. १९६५ मध्ये रिओ द जनेरोत असंच झालं होतं. एलियो ओइतिसिका या कलाकारानं अंगावर घालून नाचायच्या झुली केल्या होत्या, ‘पारांगोले’ म्हणून. तो आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनाला मांगेइरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना त्या झुली घालून घेऊन आला. संग्रहालयानं त्यांना आत घेतलं नाही. मग ते बाहेर बागेत नाचले, आणि लोक आतून बाहेर आले. आज त्याच झुली जगभरच्या संग्रहालयांत मांडल्या जातात.

फाटक उघडं ठेवणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही, निदान बडोद्याची मुलगी म्हणून तरी. ज्या फाइन आर्ट्समध्ये मेळा भरायचा त्याच आवारात २००७ च्या मे महिन्यात, विद्यार्थ्यांच्या वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर आक्षेप घेत बाहेरचे लोक घुसले. एका विद्यार्थ्याला अटक झाली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी भारतीय कलापरंपरेतल्या प्रतिमांचं प्रदर्शन लावलं, ते बंद करायला नकार दिला म्हणून प्रभारी डीन निलंबित झाले. तेव्हा बाहेरून येणारा प्रत्येक जण घोडा घ्यायलाच येतो असं नाही, हे मला माहीत आहे. पण तिथे जे झालं त्यात संवाद नव्हता. तिथे कुणी कुणाचं ऐकून घ्यायला आलेलंच नव्हतं. आणि मला असं वाटतं, पुरावा मागू नका, हे माझं मत आहे, की अशा प्रसंगांनंतर आपल्या संस्थांनी गुपचूप एक धडा घेतला. लोकांना बोलवायचं, पण काही म्हणता येणार नाही अशा रीतीनं. चिठ्ठी लिहा, हात हलवा, झेंडूजवळ उभे राहा. या कार्यक्रमांत आक्षेप घ्यायला कुणाला जागाच नसते, आणि म्हणून वसतिगृहाच्या पाण्यालाही नसते. दोन्ही एकाच चाळणीत अडकतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बस्तर आहे. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलाकार कोंडागावात तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर, शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्याबरोबर, वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. त्यांनी ‘नलपार’ केले, हातपंपाभोवतीच्या जागा. भोवती चिखल होऊ नये म्हणून ओटा, आणि भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला खालून उचलावा लागू नये म्हणून मधल्या उंचीचा कट्टा. नक्षी आहे, आकार आहे, शिल्प म्हणून बघावं असं आहे. तो कट्टा किती उंच असावा हे पाणी भरणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ठरूच शकत नाही. तिथे सहभागाचा रकाना भरायची गरज पडत नाही. कट्टा चुकीच्या उंचीचा झाला तर बाई तो वापरणार नाही, बस.

तीन दिवसांच्या महोत्सवात असं काम होणार नाही हे मला कळतं. वर्षानुवर्षांचं काम आणि शुक्रवार ते रविवार, तुलनाच नको. पण वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हे तर त्या महोत्सवाला आयतं लिहून मिळालं होतं. कलाशाखेची, वास्तुशास्त्राची, अभियांत्रिकीची मुलं तिथेच होती. काय काय करता आलं असतं! काहीच जमलं नसतं तरी ती चिठ्ठी मोठी करून फ्लेक्सच्या जागी लावता आली असती.

माझा वेळ संपत आलाय, चिठ्ठी आली. (ही वाचली बरं का.)

(हशा)

परवा त्या पक्ष्यांच्या खोलीवाल्या मुलीचा फोन आला होता. आता शेवटच्या वर्षाला आहे. ती खोली तिला एसटी स्टँडवर मांडायची आहे, प्रतीक्षालयात. तिचं म्हणणं, तिथे लोक तसेही तासतास न हलता बसलेले असतात, त्यांना कुठे काही शिकवायला नको. फक्त उजेडाचा प्रश्न आहे, आणि प्रोजेक्टरवर कबुतरं बसतात. परवानगीचा अर्ज भरत होती, त्यात एका रकान्यात अडली म्हणून फोन केला. ‘अपेक्षित सहभागी संख्या’. मॅडम, काय लिहू? मी तिला म्हटलं, रविवारी माझं व्याख्यान आहे, तिथे लोकांना विचारते. तर सांगा. पाणी पिते मी तोवर, मग प्रश्न घेऊ.